चांगलं कोलेस्टेरॉल भरपूर आहे, म्हणून गोळी बंद केली

प्रश्न : डॉक्टर, मी मिरजेची, वय ५६. रक्तदाबाची गोळी सहा वर्षांपासून घेते. दोन वर्षांपूर्वी कोलेस्टेरॉलची गोळीही सुरू झाली होती, ती दिवाळीनंतर मी बंद केली. माझं एचडीएल ७२ आहे आणि नात्यातल्या एका जाणत्या माणसाने सांगितलं, की चांगलं कोलेस्टेरॉल इतकं असलेल्याला हार्ट अटॅक येत नाही, उगाच गोळ्या खाऊन लिव्हर खराब करू नका. आता गोळीशिवायचा रिपोर्ट असा आहे : एकूण कोलेस्टेरॉल २६४, एचडीएल ७२, एलडीएल १६८, ट्रायग्लिसराइड्स १२०. खाली रेशो ३.७ असून तो नॉर्मल छापलाय. गोळी चालू होती तेव्हा एलडीएल १०२ होतं. माझ्या भावाला ४८व्या वर्षी अटॅक आला होता.

खरी काळजी यजमानांची आहे. वय ५९. एकूण १८६, एचडीएल फक्त ३३, एलडीएल ११०, ट्रायग्लिसराइड्स २१५. अंगाने बारीक आहेत, पोट तेवढं सुटलंय. साखर काठावर आहे. दिवसाला तीन-चार सिगारेटी होतात. त्यांचं एचडीएल कसं वाढवायचं? मुलगा न्यू जर्सीहून नियासिनच्या गोळ्या पाठवतो, रत्नागिरीच्या नणंदबाई म्हणतात स्वयंपाक खोबरेल तेलात करा, त्यांचे मित्र म्हणतात रोज एक पेग घे. यातलं काय करू? आणि ही तपासणी उपाशीपोटीच करायची असते का?

उत्तर :

ताई, यजमानांकडे नंतर येते, आधी तुमच्याविषयी बोलू. तुमचं पत्र वाचताना मला जास्त काळजी वाटली ती तुमचीच. घरातले सगळे ३३ या आकड्याभोवती जमलेत आणि तुमच्या एलडीएलच्या, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलच्या, १६८ कडे कुणाचंच लक्ष नाही. ज्या डॉक्टरांनी तुमची गोळी सुरू केली होती त्यांच्याकडे याच आठवड्यात जा. गोळी बंद केली आहे हे न लाजता सांगा, दोन्ही रिपोर्ट आणि भावाची हकीकत पुढे ठेवा. डोस तोच ठेवायचा की बदलायचा हे ते ठरवतील. पण ‘एचडीएल चांगलं आहे, म्हणून गोळी नको’ हे कारण मनातून काढून टाका. ते का टिकत नाही, हे जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या नातेवाइकांनी जे सांगितलं ते त्यांच्या पदरचं नव्हतं. वीस वर्षांपूर्वी बरेच डॉक्टरही जवळपास तसंच मानत होते.

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे रक्तातून ते एकटं फिरू शकत नाही. प्रथिनांच्या वेष्टनात बांधलेल्या बारीक कणांतून त्याची ने-आण होते. एलडीएलचे कण ते यकृताकडून शरीरभर पोचवतात. हे कण रक्तात वर्षानुवर्षं गरजेपेक्षा जास्त राहिले, की धमनीच्या अस्तरात शिरतात, तिथे अडकतात आणि हळूहळू ब्लॉकेज तयार होतं. एचडीएलचे कण उलट्या दिशेने काम करतात. धमनीच्या भिंतीतल्या पेशींत साठलेलं जादा कोलेस्टेरॉल ते उचलतात आणि यकृताकडे परत आणतात. तिथून ते पित्तावाटे बाहेर जातं. हे काम खरं आहे, महत्त्वाचं आहे, त्याबद्दल कुणाच्याच मनात शंका नाही.

अडचण आहे ती रिपोर्टवरच्या आकड्याची. तो आकडा हे काम मोजत नाही. रक्त काढलं त्या क्षणी एचडीएलच्या कणांमध्ये किती कोलेस्टेरॉल भरलेलं होतं, एवढंच तो सांगतो. समजा, सकाळी वॉर्डात भरलेल्या घंटागाड्या नेहमीपेक्षा जास्त दिसल्या. कचरा झपाट्याने उचलला जातोय म्हणून त्या जास्त असतील, किंवा डेपोचं फाटकच उघडत नाही म्हणून भरलेल्या गाड्या रस्त्यावर खोळंबल्या असतील. नुसत्या गाड्या मोजून यातलं काय घडतंय ते कळणार नाही.

असं खोळंबणं शरीरात खरोखर घडतं. एचडीएलने आणलेलं कोलेस्टेरॉल उतरवून घेणारी एक यंत्रणा यकृतात असते. काही मोजक्या लोकांत जन्मतःच तिच्या जनुकात बिघाड असतो. २०१६ मध्ये अशा लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं एचडीएल खूप वर गेलेलं होतं, आणि हृदयविकाराचा धोका कमी असण्याऐवजी वाढलेला होता. याच्या अगदी उलट उदाहरण इटलीत गार्डा सरोवराकाठच्या लिमोने या गावचं आहे. तिथल्या काही कुटुंबांत एचडीएलच्या मुख्य प्रथिनाचा एक वेगळा प्रकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यांचं एचडीएल तुमच्या यजमानांच्या ३३ पेक्षाही खाली असतं, तरी त्या मानाने त्यांच्यात हृदयविकार फारसा दिसला नाही.

मग एचडीएलचा एवढा बोलबाला झाला कसा? अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम या गावात १९४८ पासून हजारो लोकांच्या हृदयाच्या नोंदी ठेवल्या जात होत्या. १९७७ मध्ये तिथल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की ज्यांचं एचडीएल जास्त त्यांना हृदयविकार कमी. जगभरात पुढे तेच दिसत राहिलं. निरीक्षण अगदी बरोबर होतं. त्यावरून सगळ्यांनी पुढचा अंदाज बांधला, की औषधाने एचडीएल वाढवलं तर अटॅकही कमी होतील. औषध कंपन्यांनी त्यावर प्रचंड पैसा लावला.

त्या औषधांपैकी पहिलं मोठं नाव टॉरसेट्रापिब. सुमारे १५ हजार रुग्णांवर त्याची चाचणी चालू होती. त्याने एचडीएल सत्तर टक्क्यांहून जास्त वाढवलं, आणि २००६च्या डिसेंबरमध्ये चाचणी अर्ध्यावर थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होत होते. त्या औषधाने रक्तदाबही वाढत होता, म्हणून दोष त्याचाच असेल असं वाटलं. मग तो दोष नसलेलं त्याच जातीचं दुसरं औषध आलं. त्यानेही एचडीएल वाढलं, अटॅक मात्र जेवढे व्हायचे तेवढेच झाले. २०१२ मध्ये तेही सोडून द्यावं लागलं. त्याच वर्षी जनुकांवरचा एक मोठा अभ्यास आला. जन्मापासूनच ज्यांचं एचडीएल थोडं जास्त असतं, पण बाकी कोलेस्टेरॉल इतरांसारखंच असतं, अशा माणसांना त्या जास्तीच्या एचडीएलमुळे अटॅकपासून काहीच संरक्षण मिळत नाही, असं त्यात दिसलं. एलडीएलचं तसं नाही. ते जनुकांमुळे कमी असो, औषधाने कमी होवो किंवा आहाराने, प्रत्येक वेळी धोका उतरतो.

म्हणून आजचं चित्र असं आहे : एचडीएल कमी असणं ही धोक्याची खूण आहे आणि डॉक्टर ती अजूनही गंभीरपणे घेतात. पुरुषांत ४० च्या खाली आणि बायकांत ५० च्या खाली ते कमी धरतात. पण ते जास्त असणं हे एलडीएलवरचं औषध नाही. तुमचे ७२, तुमच्या १६८ ची भरपाई करत नाहीत.

रिपोर्टखालचा तो रेशोही याच कारणाने फसवतो. २६४ ला ७२ ने भागलं की ३.७ येतं आणि ते मर्यादेत बसतं. मला विचाराल तर ही ओळ लॅबच्या कागदावरून काढून टाकली तरी चालेल, इतक्या लोकांना ती खोटा दिलासा देते. त्याऐवजी साधी वजाबाकी करा. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. तुमचे २६४ वजा ७२, म्हणजे १९२. याला नॉन-एचडीएल म्हणतात. धमनीत शिरू शकणारे जेवढे म्हणून कण आहेत, त्या सगळ्यांतलं कोलेस्टेरॉल या एका आकड्यात येतं. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये भारतीयांसाठी मर्यादा जाहीर केल्या. धोका कमी असलेल्या माणसाचं एलडीएल १०० च्या आणि नॉन-एचडीएल १३० च्या खाली असावं. उच्च रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांना त्यांनी जास्त धोक्याच्या गटात धरलंय आणि त्यांच्यासाठी मर्यादा ७० आणि १०० अशी आहे. तुम्हाला रक्तदाब आहे. तुमचे १६८ आणि १९२ या दोन्ही हिशोबांनी बरेच वर आहेत. गोळी चालू असताना एलडीएल १०२ वर आलं होतं, म्हणजे गोळी तुम्हाला चांगली लागू पडत होती.

स्टॅटिनच्या, म्हणजे एलडीएल उतरवणाऱ्या नेहमीच्या गोळ्यांच्या, अनेक मोठ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा एलडीएल साधारण ३९ ने उतरलं की अटॅक, पक्षाघात अशा मोठ्या घटना पाचेक वर्षांत एक पंचमांशाने कमी होतात असं दिसलं. तुमचं त्याहून बरंच जास्त उतरलं होतं. लिव्हरच्या भीतीबद्दल सांगायचं तर गंभीर इजा अतिशय क्वचित होते, आणि शंका आली तर साध्या रक्ततपासणीत कळतं. काहींचे पाय किंवा मांड्या दुखतात. तसं झालं तर डॉक्टरांना सांगायचं, डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. मनाने बंद मात्र करायची नाही. परत सुरू केलीत की सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासून घ्या.

अजून दोन गोष्टी तुमच्यासाठी. पाळी गेल्यानंतर बायकांचं एलडीएल वाढतं, आणि या वयात थायरॉइड मंदावलं असेल तर ते आणखी चढतं. गेल्या वर्षभरात थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर ती करा. दुसरी गोष्ट तुमच्या भावामुळे सांगते. इतक्या कमी वयात अटॅक आला, म्हणजे घराण्यात काहीतरी असू शकतं. लायपोप्रोटीन-ए या एलडीएलसारख्या कणाची एक रक्ततपासणी असते. त्याचं प्रमाण जवळजवळ पूर्णपणे आईवडिलांकडून येतं, खाण्यापिण्याने फारसं बदलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा केली तरी पुरते. ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर एलडीएल आणखी काटेकोरपणे खाली ठेवावं लागतं. ही तपासणी तुम्हीही करा आणि भावालाही करायला सांगा. तुमच्या मुलालाही मामाची ही हकीकत त्याच्या तिथल्या डॉक्टरांच्या कानावर घालू दे.

आणि हे सगळं वाचून ७२ या आकड्याला घाबरू नका. डेन्मार्कमध्ये लाखाहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा फार जास्त एचडीएल असलेल्यांत मृत्यू वाढलेले दिसले, हे खरं आहे. पण ते पुरुषांत ११६ च्या वर आणि बायकांत १३५ च्या वर. तुमचे ७२ त्यापासून फार लांब आहेत. फक्त त्यांच्यावर विसंबून बाकीचं सोडून देऊ नका.

आता यजमान. त्यांच्या ३३ बद्दल तुम्हाला एकटं वाटायला नको. आयसीएमआर या सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने देशात मधुमेहाची मोठी पाहणी केली होती, तिच्या पहिल्या टप्प्यात आपला महाराष्ट्रही होता. २०१४ मध्ये त्यातले कोलेस्टेरॉलचे आकडे प्रसिद्ध झाले. तपासलेल्यांपैकी ७२ टक्के लोकांचं एचडीएल कमी होतं. एलडीएल जास्त असणारे जेमतेम १२ टक्के होते. पाश्चात्त्य देशांतल्या पुस्तकांवर शिकलेल्या आमच्यासारख्यांना ही भारतीय ठेवण वेगळी लक्षात ठेवावी लागते : एलडीएल बरं दिसतं, एचडीएल खाली, ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, वर, साखर काठावर, आणि माणूस दिसायला बारीक.

या बारीक दिसण्यावर पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी फार मोलाचं काम केलंय. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच एक फोटो छापला. दोघांचा उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाटा दोघांनाही ठणठणीत ठरवत होता. आपल्याकडे स्नायू कमी, चरबी जास्त, आणि ती पोटात साठते. तुमच्या यजमानांचं वर्णन तुम्ही नेमकं हेच केलं आहे.

पोटातली ही चरबी आणि गरजेपेक्षा जास्त पिष्ट पदार्थ यांमुळे यकृत ट्रायग्लिसराइड्सने भरलेले कण जास्त प्रमाणात रक्तात सोडतं. रक्तात या कणांची आणि एचडीएलची देवाणघेवाण होते. एचडीएल आपलं कोलेस्टेरॉल देतं आणि ट्रायग्लिसराइड्स घेतं. असं बदललेलं एचडीएल आकाराने लहान होतं, लवकर मोडतं आणि शरीराबाहेर जातं. म्हणून रिपोर्टवर ३३ दिसतात. एलडीएलच्या बाबतीतही असंच घडतं. कण लहान आणि संख्येने जास्त होतात, त्यामुळे ११० हा आकडा दिसतो त्यापेक्षा वाईट असू शकतो. त्यांचं नॉन-एचडीएल काढा : १८६ वजा ३३, म्हणजे १५३. तेही जास्तच आहे.

सांगायचं हे, की ३३ हा त्यांचा आजार नव्हे. आजार आहे पोटाची चरबी, वाढलेले ट्रायग्लिसराइड्स, काठावरची साखर आणि सिगारेट. तुम्ही एचडीएलच्या मागे लागला आहात. ते सोडून या चार गोष्टींच्या मागे लागा. त्या सुधारल्या तर ३३ कदाचित ३८ होतील, कदाचित ३५ वरच राहतील. तेवढ्याने निराश होऊ नका, कारण धोका कमी झालेला असेल.

मुलाने पाठवलेल्या नियासिनच्या, म्हणजे ब३ जीवनसत्त्वाच्या, गोळ्या पुढे देऊ नका. त्याचं प्रेम मला कळतं, आणि नियासिन पूर्वी डॉक्टर स्वतःच लिहून देत असत. पण स्टॅटिन चालू असलेल्या पंचवीस हजारांहून जास्त लोकांवर त्याची चाचणी झाली आणि २०१४ मध्ये सविस्तर निष्कर्ष आले. एचडीएल वाढलं, अटॅक कमी झाले नाहीत. उलट मधुमेह नव्याने होणं आणि असलेला मधुमेह बिघडणं वाढलं, संसर्ग आणि रक्तस्रावही वाढले. ज्यांची साखर आधीच काठावर आहे त्यांनी तर ही गोळी घेऊच नये. चेहरा लालबुंद होऊन अंग भाजल्यासारखं होतं का, हे यजमानांना विचारा. बरेच जण हे घरात सांगत नाहीत. डॉक्टरांकडे जाताना डबी बरोबर न्या, म्हणजे आतापर्यंत किती मिलिग्रॅम पोटात गेलं ते त्यांना कळेल. मुलाला राग येऊ नये म्हणून हवं तर माझं हे उत्तरच त्याला पाठवा.

नणंदबाईंच्या खोबरेल तेलाबद्दल. त्याने एचडीएल वाढतं हे त्या बरोबरच सांगतात. इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत ते सुमारे ४ ने वाढतं. पण त्याच वेळी एलडीएल सुमारे १० ने वाढतं. अनेक चाचण्यांचा एकत्रित हिशोब २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातले हे आकडे आहेत. नफ्यापेक्षा तोटा मोठा. शिवाय त्याच कढईतली भाजी तुम्हीही खाणार, आणि तुमच्या १६८ ला ते मुळीच परवडणार नाही. रत्नागिरीला गेल्यावर सोलकढी प्या, माशाच्या कालवणात नारळ घाला, त्याने काही बिघडत नाही. रोजची फोडणी मात्र शेंगदाणा किंवा करडई तेलाची आणि बेताची ठेवा. वनस्पती तुपातली खारी, टोस्ट आणि पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलातली भजी यांच्यापासून दोघंही लांब राहा. त्यांत ट्रान्स फॅट ही घातक चरबी असते. ट्रान्स फॅट एलडीएल वाढवतं आणि एचडीएल उतरवतं, दोन्हीकडून नुकसान. सरकारने २०२२ पासून तेला-तुपातलं त्याचं प्रमाण २ टक्क्यांवर आणलंय, पण गाड्यावरच्या कढईत तेल दिवसभर उकळतं त्याला कुठलाच कायदा पुरा पडत नाही.

रोजच्या पेगबद्दल मला काहीच संदिग्ध बोलायचं नाही. दारूने एचडीएलचा आकडा चढतो हे खरं, पण चढलेल्या आकड्याने संरक्षण मिळत नाही हे आपण आत्ताच पाहिलं. दारूने ट्रायग्लिसराइड्सही चढतात, आणि त्यांचे ते आधीच २१५ आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं, की दारूची कुठलीच मात्रा आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही. हृदयासाठी म्हणून दारू सुरू करायला सांगणारे मित्र हितचिंतक असतीलही, पण त्यांचा सल्ला चुकीचा आहे.

सगळ्यात आधी सिगारेट. तीन-चारच तर आहेत, असं ते म्हणत असतील. हृदयाच्या बाबतीत थोड्या सिगारेटींचा धोका थोडा नसतो, दिवसाला एकसुद्धा धोका बराच वाढवते. सोडल्यावर एचडीएलही काही आठवड्यांत थोडं वर येतं, साधारण तीन-चार आकड्यांनी, आणि त्याहून कितीतरी मोठा फायदा धमन्यांना होतो. एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत तंबाखूमुक्ती दूरध्वनी आहे. निकोटिनची च्युइंग गम, गोळ्या हेही डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतं. आपल्याकडे सिगारेट सुटली की हात माव्याकडे वळतो, तेवढं पाहा. मावा हृदयालाही सोडत नाही आणि तोंडालाही.

दुसरं ताट. त्यांच्या ताटात तेलापेक्षा भात, पोळी, साखर आणि चहाबरोबरचं खाणं जास्त त्रास देत असणार. दिवसात किती चहा होतात आणि प्रत्येकात किती साखर, हे आठवडाभर नुसतं लिहून काढा. लिहिलेलं पाहिलं की पुढचं तुम्हालाच सुचेल. शाबूची खिचडी आणि पोहे हलका नाश्ता म्हणून खाल्ले जातात, पण ते जवळजवळ निव्वळ पिष्ट आहेत. त्याऐवजी मोड आलेली मटकी, मुगाचं धिरडं, अंडं चालत असेल तर अंडं द्या. रात्री भाताची वाटी निम्मी करून आमटी-उसळ घट्ट आणि दुप्पट वाढा. ज्वारीची भाकरी चांगलीच आहे, पण दोनाच्या चार केल्या तर तीही साखरच वाढवते. गूळ साखरेइतकाच मोजून. मूठभर शेंगदाणे, जवसाची चटणी, आठवड्यातून दोनदा बांगडा नाहीतर तारली, हे सगळं छान आहे, खुशाल करा.

तिसरं चालणं. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं आणि सकाळी अर्धा तास, बोलताना किंचित धाप लागेल इतक्या वेगाने. व्यायामाने एचडीएल सरासरी दोन-अडीच आकड्यांनी वाढतं, म्हणजे फार नाही. पण ट्रायग्लिसराइड्स, साखर, रक्तदाब आणि पोट या चौघांवर त्याचा परिणाम होतो, आणि आपल्याला तोच हवा आहे. त्यांच्या वयात आठवड्यातून दोनदा थोडं वजन उचलण्याचा व्यायामही हवा, कारण स्नायूच साखर खर्च करतात. घरी पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलल्या तरी सुरुवात होते. मात्र सिगारेट, वय आणि काठावरची साखर पाहता व्यायाम एकदम वाढवण्याआधी त्यांचा रक्तदाब आणि ईसीजी करून घ्या. चालताना छातीत दाब किंवा जबड्यात, डाव्या हातात कळ आली तर तिथेच थांबायचं आणि सरळ दवाखाना गाठायचा.

त्यांनाही स्टॅटिन लागेल का, हे त्यांचे डॉक्टर त्यांचा एकूण धोका मोजून सांगतील. मला वाटतं हा प्रश्न तुम्ही आपणहून विचारावा. एलडीएल ११० पाहून समोरच्याने ‘ठीक आहे’ म्हटलं, तर नॉन-एचडीएल १५३ आहे हे सांगा. वर सांगितलेले बदल तीन महिने मनापासून करा आणि मग पुन्हा तपासा. कमरेचा घेर शिवणाच्या टेपने आज मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवा. भारतीय पुरुषांसाठी तो ९० सेंटीमीटरच्या आत हवा, बायकांसाठी ८० च्या आत.

राहिला उपाशीपोटीचा प्रश्न. नेहमीच्या तपासणीला उपाशी राहायची गरज नाही. खाऊन गेलात तरी एचडीएल आणि एकूण कोलेस्टेरॉल जवळजवळ तेवढंच येतं आणि नॉन-एचडीएल व्यवस्थित काढता येतं. ट्रायग्लिसराइड्स तेवढे थोडे वाढलेले दिसतात. बऱ्याच लॅब एलडीएल प्रत्यक्ष न मोजता हिशोबाने काढतात, आणि त्या हिशोबात ट्रायग्लिसराइड्स धरलेले असतात. ते ४०० च्या वर गेले तर तो हिशोब चालत नाही. म्हणून तुमची तपासणी केव्हाही करा. यजमानांचे ट्रायग्लिसराइड्स आधीच वर असल्याने त्यांची पुढची तपासणी मात्र रात्रीच्या जेवणानंतर दहा-बारा तासांनी, सकाळचा चहा न घेता करा. पाणी प्यायला हरकत नाही. रक्तदाबाची तुमची गोळी त्या दिवशीही नेहमीच्या वेळी घ्या.